जगलेल्या बदकांचं रक्त

बुधवार, १२ तारीख

माझ्या पाठच्या भावाला,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत. तुझ्या दाजींची कंबर पुन्हा धरलीय, त्यामुळे घरात पडून मला अक्कल शिकवणं जोरात चालू आहे.

तुझं पत्र मिळालं. पिल्लं पटापट मरायला लागली, वाचून वाईट वाटलं. आमच्या शेडमध्ये रोग शिरला तेव्हा मीही टोपल्या भरभरून पुरली होती. तुझे डॉक्टर म्हणतात ते खरं आहे. यातून जगलेल्या बदकांच्या रक्तापासून इंजेक्शन केलं तर बाकीची पिल्लं वाचतात. आणि तशी बदकं आसपास फक्त माझ्याकडे होती, हेही खरं.

पण काय करणार! तुझं पत्र यायच्या आधीच ती खाटकाकडे गेली. तुझं नशीब.

बायको बरी आहे ना तुझी? आवाज फार खणखणीत हो तिचा. आमच्याकडे रोग होता तेव्हाच आईचा शेवटचा दिवस आला, तुझ्या फाटकाबाहेर उभी होते मी, तरी आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तू म्हणालास, "ताई, तुझ्या कपड्या-चपलांवरून रोग येईल, माझी पिल्लं मरतील." मी म्हटलं, चपला इथेच टाकते, बाहेरच्या नळावर अंघोळ करते, तुझ्या बायकोचे कपडे घालते. तू कुलूप काढलं नाहीस. रोगाचं म्हणशील तर चुकलं नव्हतंच तुझं.

तेवढ्यात आतून आईने विचारलं, "थोरली आली का गं?"

"नाही हो, अजून निरोपच पोचला नसेल," तुझी बायको म्हणाली.

आईला ते खरं वाटलं. तशीच गेली बिचारी.

जाऊ दे, मला खोटं पचत नाही. तुझं पत्र सकाळीच आलं होतं. खाटकाला मी दुपारी बोलावलं. दाजी म्हणाले, "अगं, भाऊ आहे तो! सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा." मी म्हटलं, "मग पिसं पाठवा त्याला." एकसुद्धा बदक मागे ठेवलं नाही. तुझं सगळं घर त्या पिल्लांवर चालतं, हे मला माहीत नाही असं समजू नकोस.

आता पुढचं सांगून ठेवते. पिल्लू कुशीवर पडतं, मान मागे वळून पाठीला टेकते आणि पाय पोहल्यासारखे हलत राहतात. फार वेळ लागत नाही. बघवत नाही, पण तू शेडमधून हलू नकोस. शेवटच्या घटकेला आपलं कुणीतरी जवळ असावं रे.

तुझी,
ताई