सोडतीतून घरी परतलेलं चित्र

आई, तुझं डिश अँटेनांचं चित्र आता माझ्याकडे आहे. शारजात आपल्या समोरच्या बिल्डिंगची ती गच्ची, मावळतीचा धुरकट उजेड आणि आभाळाकडे तोंड करून बसलेल्या त्या तबकड्या. तिथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणायचे, "वहिनी, फर्स्ट क्लास आहे, पण राधाकृष्ण असतं ना, तर लगेच घेतलं असतं." तू हसायचीस आणि पुन्हा गच्चीच काढायचीस. आपलं एक तरी चित्र परक्या घरच्या भिंतीवर असावं, एवढीच तुझी इच्छा होती.

सोडतीची कल्पना तुझीच. हॉलंडमधले जुने चित्रकार न खपलेली चित्रं सोडतीला लावायचे, अख्खं चित्र न परवडणारा माणूसही एक चिठ्ठी घ्यायचा, हे तू कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं होतंस. चित्र कुणाच्या घरी जाईल हे चित्रकारालाही ठाऊक नसायचं, याचंच तुला अप्रूप. मंडळाच्या दिवाळीत तू पाच दिरहॅमची कूपनं ठेवलीस, पण लोक जेवणाच्या रांगेकडेच वळत होते.

सोडतीच्या वेळी छोटी मी स्टेजच्या पायरीवर बसले आहे. काका डब्यात हात घालून नंबर वाचतात आणि बाबा उठतात. डबा रिकामा दिसू नये म्हणून त्यांनी गुपचूप कूपनांची गड्डीच घेतलेली असते. हॉल हसतो, टाळ्या वाजवतो. "खलास, घरचं घरातच राहिलं," म्हणत ते चित्र उचलतात. मी ओरडते, "आई, वी वन!" तू माझ्याकडे बघतही नाहीस.

घरी आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "अहो, ते जायला हवं होतं." बाबा म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच केलं ना." ते खरंच होतं. त्यानंतर तुझे रंग ट्यूबमध्येच वाळले. त्याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन आलेली बाई चहाला आली आणि कप हातात धरून चित्रासमोर उभीच राहिली. तीही अशाच गच्चीसमोर वाढलेली. म्हणाली, "हे मला विकत द्याल?" मी चटकन म्हटलं, "नाही हो, आईची आठवण आहे." ती ओशाळली, चहा संपवून गेली. ती गेल्यावर मला बाबांचं "घरचं घरातच" आठवलं.

तुला पत्र पाठवायला पत्ता नाही. त्या बाईचं दार मात्र समोरच आहे, आणि चित्र घेऊन मी अजून गेलेले नाही.