वाटेत झालेली बाळंतपणं

प्रिय रुम्याना,

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आई, परीक्षा झाली ना एकदाची? मग आता तिकीट काढते." मी "बघू" म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीसुद्धा नव्हतं. सत्तावीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली बाई मी, कळा देणाऱ्या बायकांवर खेकसलेली, डॉक्टरांना दाराबाहेर काढलेली, आणि पोटच्या पोरीला एक वाक्य सांगायला घाबरले. ते वाक्य आता लिहिते: मी तुमच्याकडे जर्मनीत, कासेलला येत नाहीये. सुट्टीत येईन, माझ्या नातवाला, कालोयानला, मांडीवर घेऊन बसेन, तुला आवडते तशी चीज घातलेली बानित्सा करून घालेन. पण कायमची येणार नाही. फोनवर सांगायला गेले की तू रडतेस, नाहीतर तुझा स्तोयान मधेच फोन घेऊन "आई, इथे तुमची स्वतंत्र खोली तयार आहे" म्हणतो, आणि मी विरघळते. कागदावर मला कुणी अडवत नाही.

चोपन्नाव्या वर्षी मी सोफियाला एम.ए. करायला निघाले, तेव्हा बोरोव्दोलमध्ये कोण काय बोललं ते तुला पेन्काने कळवलं असणारच. बेकरीतल्या रांगेत तर रोज माझाच विषय. "दोन्का अर्थशास्त्र शिकायला चालली. परत येईल ती मंत्रीणबाई होऊनच!" तूही म्हणाली होतीस, "आई, या वयात? आणि अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण? तुला भाजीचे भाव लक्षात राहत नाहीत!" खरंच राहत नाहीत. पहिलं वर्ष तर नुसत्या पूरक अभ्यासात गेलं, कारण माझ्या नर्सिंगच्या पदवीत गणित जवळपास नव्हतंच. शनिवार-रविवार वृद्धाश्रमात ड्युटी, बाकीचे दिवस तिसऱ्या बाकावर. माझ्या शेजारी इस्क्रा नावाची चोवीस वर्षांची मुलगी बसायची. पहिल्या दिवशी तिने मला प्राध्यापक समजून उभं राहून नमस्कार केला, आणि मी वही काढून बसले तशी इतकी हसली की मीही हसले. त्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाची दोन्कामावशी झाले. कुणाचं पोट दुखलं की माझ्याकडे, मला रिग्रेशन कळलं नाही की मी इस्क्राकडे. "मावशी, घाबरू नकोस गं, हे म्हणजे बाळाच्या वजनाचा तक्ता," ती सांगायची. "आईचं वय, आठवडे, सिगारेट... कशाने वजन किती बदलतं ते वेगळं काढायचं, बस." असं सांगितलं की माझ्या डोक्यात लगेच शिरायचं.

पहिल्या हिवाळ्यात वेल्चेव सरांच्या तासाला ते झालं. सर म्हणजे साठीचे, उंच, कोटाला नेहमी खडू लागलेला, आणि आवाज इतका हळू की सगळा वर्ग पुढे झुकून बसायचा. त्या दिवशी त्यांनी यशस्वी धोरणाचं उदाहरण म्हणून एक तक्ता पडद्यावर दाखवला. डोंगरातले छोटे प्रसूती विभाग बंद करून बाळंतपणं जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात नेली, त्याचा अभ्यास. अभ्यास त्यांचाच. त्यात आपला जिल्हा होता, रुम्याना. बंद करण्याआधीच्या तीन वर्षांत सात नवजात बाळं दगावली, नंतरच्या तीन वर्षांत पाच. बाळंतपणं साधारण तेवढीच. सर म्हणाले, "विभाग बंद होताना लोकांनी रस्त्यावर येऊन शिव्या दिल्या. पण बाळं वाचली." त्या शिव्या देणाऱ्यांत मी होते, थर्मासमधला डोंगरी चहा वाटत.

माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. मी विचारलं, "सर, ही बाळं कुठे मोजली?" ते म्हणाले, "रुग्णालयांच्या नोंदींमध्ये." मी म्हटलं, "मग जी रुग्णालयापर्यंत पोचलीच नाहीत, ती?" सर म्हणाले, "बाई, तुम्हाला एखादं बाळंतपण आठवतंय म्हणून मी तीन वर्षांचा तक्ता फेकून देऊ?" मी म्हटलं, "एखादं नाही, सर. किती, ते मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही." मागून कुणीतरी शिटी मारली. मी बसले नाही. तास संपल्यावर इस्क्रा कानात म्हणाली, "मावशी, तू नापास होणार, पण काय मज्जा आली!"

मी नापास झाले नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या दारावर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला त्या न पोचलेल्या बाळांवर प्रबंध लिहायचाय, मार्गदर्शक कोण देता? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझीच चूक काढायची ना? मग माझ्याच हाताखाली काढा. दुसरे कुणी तुमच्या वयाकडे बघून सोडून देतील. मी सोडणार नाही." आणि नाही सोडलं त्यांनी. सहा वेळा मसुदा परत आला. एकदा समासात लिहिलं होतं: 'हा राग आहे, युक्तिवाद नव्हे.' मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात आपल्या गावच्या सगळ्या शिव्या दिल्या आणि ते पान पुन्हा लिहिलं. ते बरोबर होते, हे कबूल करायला मला आठवडा लागला.

मग यंदाच्या जानेवारीत मी घरी गेले. तुला सांगितलं होतं, छपराचं काम आहे म्हणून. छपराला काही झालेलं नाही. पेन्का अजून नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते. विद्यापीठाचं पत्र तिच्यापुढे ठेवलं तर म्हणाली, "दोन्के, नावं देणार नाही हं, आकडा देईन. नावं काय, तुला माझ्याहून जास्त माहीत आहेत." बंद झाल्यानंतरच्या तीन वर्षांत आपल्या अकरा गावांतली एकोणीस बाळं गाडीत, ॲम्ब्युलन्समध्ये, घाटात किंवा घरी जन्मली होती. एकही रुग्णालयाच्या तक्त्यात नाही. विद्यापीठाचा नियम असा की प्रत्येक बाईची लेखी संमती हवी. सही नसेल तर तिचं बाळंतपण धरायचं नाही. म्हणून मी एकेकीच्या दारात गेले.

कशी गेले ते विचारू नकोस. लाकडाच्या ट्रकमधून, टपालाच्या गाडीतून, एकदा तर बर्फातून सात किलोमीटर पायी. कुणी दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधत आलं. एकीने सही केली आणि मला घेवड्याचं गरम सूप वाढलं. एकीचा नवरा ओरडत होता, "आता कशाला उकरून काढता?" ती आतून म्हणाली, "तू गाडी चालवत होतास, मी मागे होते. मी सांगणार." एकवीस तारखेला मी वरच्या वाडीत होते. सुइणींचा सण, मी विसरलेच होते. बायकांनी मला अंगणात बसवलं, हातांवर पाणी ओतलं, साबण दिला, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, आणि मग वाईन काढून असली चावट गाणी म्हटली की म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. वॉर्ड बंद झाल्यापासून मी दवाखान्याच्या टेबलावर लोकांचं रक्त काढत होते. कुणी मला सुईण म्हणून हाक मारली नव्हती. त्या ओल्या हातांनी मी रडले, आणि मग अजून तीन सह्या घेतल्या.

गेल्या गुरुवारी तोंडी परीक्षा झाली. पाच जणांची समिती, मध्यभागी वेल्चेव सर. मी तुझ्या लग्नातला निळा ड्रेस घातला होता, इस्क्रा आणि अर्धा वर्ग मागे बसलेला. मी अठरा बाळंतपणं मांडली. त्यांतली दोन बाळं गेली. सरांच्या पाचांत ती दोन मिळवली की होतात सात, म्हणजे आधी होते तेवढेच. एकही बाळ वाचलेलं नाही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, दोन म्हणजे फारच लहान आकडा. त्यावरून काही सिद्ध होत नाही." मी म्हटलं, "होय ना? मग सातावरून पाचावर येणं, त्यातही फरक दोनाचाच आहे. त्यावर तुम्ही वॉर्ड बंद करणं यशस्वी ठरवलंत." ते गृहस्थ कागद चाळू लागले. सर मात्र माझ्याकडे बघत होते, आणि बाई गं, ते हसत होते.

मग त्यांनी त्या हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. "दोन्काबाई, नोंदणी कार्यालयाचा आकडा एकोणीस आहे. तुमच्याकडे अठरा आहेत. एकीने नकार दिला का?" मी म्हटलं, "नाही." "मग?" मी म्हटलं, "तिला मी अजून विचारलंच नाही." त्यांनी पुढे विचारलं नाही. मला वाटतं त्यांना कळलं. पास झाले मी, उत्तम गुणांनी. इस्क्राने मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडता पडता वाचलो.

नंतर सर व्हरांड्यात भेटले. जूनच्या बारा तारखेला आरोग्य खात्याच्या समितीपुढे सुनावणी आहे. त्यांच्याच अभ्यासाचा आधार घेऊन डोंगरातले आणखी तीन प्रसूती विभाग बंद करायचा प्रस्ताव आहे. सर म्हणाले, "मी स्वतः जाऊन सांगणार आहे की माझा तक्ता अपुरा होता. तुम्ही शेजारी बसा. पण अठरा ओळींवर मी एवढंच म्हणू शकतो की फायदा दिसत नाही. तक्ता पुरा असेल तर जे खरं आहे ते म्हणता येईल." मी त्यांना म्हटलं, विचारते.

रुमी, चार वर्षं आपण त्या फेब्रुवारीबद्दल एक शब्द बोललो नाही. स्तोयान गाडी चालवत होता, तू मागच्या सीटवर, तुझं डोकं माझ्या हातात, आणि बोगद्याच्या अलीकडे ती आली. मी अडीच हजार बाळं हातात घेतली आहेत. तिच्यासाठी लागत होतं ते एक यंत्र आपल्या जुन्या वॉर्डात दाराजवळ ठेवलेलं असायचं, आणि त्या वॉर्डाला कुलूप होतं. चाळीस मिनिटं मी माझ्या तोंडाने तिला श्वास दिला. तू मला कधी दोष दिला नाहीस. उन्हाळ्यात सामान बांधून निघून गेलीस, आणि मला वाटलं, हिला माझे हात बघवत नाहीत. तुला वाटलं असेल, आई पुस्तकांत पळाली. थोडी पळालेही. पण मुख्य म्हणजे मला त्या लोकांच्या भाषेत त्यांच्याशी भांडायचं होतं, आणि ती भाषा यायला अडीच वर्षं लागली. आता ती येते, आणि भांडण इथलं आहे, म्हणून मी कासेलला येत नाहीये. अठरा घरांच्या पायऱ्या चढले मी, तुझ्या एका घराची पायरी मात्र चढवली नाही. संमतीचा कागद या पत्रासोबत आहे. तुझं नाव कुठेच छापलं जाणार नाही, फक्त गाव, महिना, अंतर आणि काय झालं ते. तुझी सही आली तर सातांचे आठ होतात, आणि बारा तारखेला मी म्हणेन की कुलूप लावल्यावर जास्त बाळं गेली. तुला जमणार नसेल तर कागद फाडून टाक, कारण सांगू नकोस, मी अठरांवर भांडेन आणि तितक्याच जोरात भांडेन. फक्त एवढंच, माझ्यावर दया म्हणून सही करू नकोस. ती तुझी मुलगी होती. ती मोजली जावी की नाही, हे सांगायचा हक्क कुठल्याही खात्याचा नाही, सरांचा नाही, माझाही नाही. तो तुझा आहे, आणि तेच तुला विचारायला मी हे पत्र लिहिलं.

तुझीच,
आई