राक्षसाच्या तोंडातला माणूस

१२ मार्च

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. ‘तीर्थरूप’ वाचून म्हणशील, हिचं काहीतरी काम दिसतंय. काम नाही. इकडे सगळे मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? काल फोनवर विचारलं होतं, तरी पुन्हा विचारते.

तुझा जुना सिनेमा संगणकावर साफ करून झाला. तीन महिने रोज तुला पाहिलं, म्हणजे राक्षसाच्या वेशातल्या तुझ्या रबरी पाठीला. खरं सांगू? सिनेमा यथातथाच आहे रे. धक्का लागला की गुहेचे दगड हलतात. नायिका तू यायच्या आधीच किंचाळते. एकदा तर तुझी शेपटी दारात अडकते आणि तू बिचारा मागे वळून ती ओढून घेतोस. पण पुलावरचं धुकं अजून झकास दिसतं. आणि गावकरी मशाली घेऊन मागे लागतात तेव्हा तू जो खांदे पाडून चालतोस, ते मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. गोष्ट पोरकट, पण राक्षस खरा वाटतो.

निर्मात्याच्या मुलाने बजावलं होतं, “ताई, डाग, रेघा, चुका, सगळं काढा. लोक हसता कामा नयेत.” मी पाठीवरची चेन काढली, शेपटीची दोरी काढली. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही फुशारले.

आणि काल तू फोनवर म्हणालास, “पुढच्या शनिवारी सिनेमाच्या खेळाला नातीला आणतोय. तिला सांगून ठेवलंय, पुलावर राक्षस जबडा उघडतो ना, तिथे नीट बघ, आत मी आहे!” मी “हो हो” म्हटलं आणि लगेच वहिनीच्या गुडघ्यावर गेले.

दादा, त्या जबड्यात आता नुसता काळोख आहे. मी तुला पुसलं.

दिसला नाहीस असं नाही. घामाने निथळलेला, धापा टाकणारा चेहरा, बघताक्षणी ओळखला. वाटलं, राक्षसाच्या घशात माणूस दिसला की लोक माझ्या दादाला हसतील. घरी त्या सिनेमाचा विषय निघाला की तू उठून जायचास. मला वाटलं, लाजतोस. विचारायचं सुचलंच नाही. तुझी लाज राखली म्हणून मी खूश होते, आणि तू तर ते नातीसाठी जपून ठेवलं होतंस!

आज परत आणता येतं का बघितलं. जुनं रीळ यंत्रातून जाताजाताच तुकडे होऊन गेलं होतं. साफ करण्याआधीची प्रत मीच काढून टाकली, जागा हवी म्हणून. अख्ख्या सिनेमात तुझा चेहरा तेवढाच होता. पाट्यांमध्ये तुझं नावही नाही.

‘येऊ नकोस’ असं लिहिलेला एक कागद आत्ताच फाडला. तू ये. मला तुमच्या शेजारी बसू दे. जबडा उघडेल, पोर वाट बघेल, मग तुझ्याकडे वळेल. आजोबांनी थाप मारली असं तिला वाटायच्या आत मी सांगेन, ते तिथे होते, मी पाहिलंय त्यांना. मग तुला काय बोलायचं ते बोल मला.

तुला तिथे शेवटचं पाहिलेली,
तुझी धाकटी