बिट्टीच्या नावावरच्या फुल्या

दि. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या लेकीची, बिट्टीची, विचारपूस केलीस म्हणून खरं ते लिहितो. तिची आई रात्रपाळीहून आली की दोरीवर धुतलेली चादर बघते आणि कॅलेंडरवर बिट्टीच्या नावाने फुली मारते. मी अंथरूण भिजवलं नाही असं पोर कळवळून सांगते, तर खोटं बोलते म्हणून आणखी बोलणी खाते. शाळेच्या शिबिरालाही तिला पाठवायचं नाही असं ठरलंय.

ताई, बिट्टी महिनाभर कोरडी आहे. ती चादर मी भिजवलेली असते. क्रेनवरून वीस टनांचा माल अलगद उतरवतो मी, पण बायकोसमोर तोंड उघडत नाही. कुणाला सांगू नकोस.

रागव, पण माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा

दि. ९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि शिवणाचं मशीन तसंच सोडून तुझा कान पिळायला निघावंसं वाटलं. तू अकरा वर्षांचा होईपर्यंत गादी भिजवायचास. बाबा तुला एका शब्दाने बोलले नाहीत, कारण लहानपणी तेही तसेच होते. आपल्या घरात ते रक्तातूनच आलंय. पोरांना गाढ झोपेत जाग येत नाही, यात गुन्हा कसला? मोठेपणी नव्याने सुरू झालं, तर मात्र आत काहीतरी बिनसलेलं असतं, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझं नाव सांगितलं नाही. तपासून घे.

त्याआधी बिट्टीला खरं सांग. तुझी अब्रू त्या आठ वर्षांच्या पोरीने का झाकायची?

रागावले तरी तुझीच,
ताई

दि. १२ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

बाबांनी आईसमोर मला सगळं सांगितलं. मी दोन दिवस अबोला धरला. आईने सगळ्या फुल्या खोडल्या आणि मला सॉरी म्हणाली.

डॉक्टरांकडे बाबा गप्पच बसले, म्हणून मीच सांगितलं. आई म्हणाली, हे दुपारी झोपले तरी घोरतात आणि मधेच श्वास थांबतो. तेच कारण निघालं. श्वास अडकला की हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी तयार करतं. आता बाबा नाकावर लांब नळीचा मास्क लावून झोपतात आणि हत्तीसारखे दिसतात. चादर कोरडी असते.

मी शिबिराला जाऊन आले. तिथे एक मुलगी सकाळी अंथरुणातून उठेचना. मला लगेच कळलं. मी तिला सांगितलं की माझे बाबा एवढी मोठी क्रेन चालवतात, त्यांचंही असंच व्हायचं. मग ती उठली. आम्ही दोघींनी मिळून चादर धुतली.

हे ऐकल्यापासून बाबा कामावर भेटेल त्याला माझी ही गोष्ट सांगत सुटलेत, स्वतःच्या चादरीसकट.

माझ्यावर करतेस तेवढंच प्रेम त्यांच्यावरही कर.
तुझी बिट्टी