दर चार तासांनी एक

बाबा, गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली आणि तिनं विचारलं, "काकू, शून्य ते दहा, किती दुखतंय?" मी म्हटलं, सहा. तिनं लगेच सलाइनमधून औषध सोडलं. वाद नाही, व्याख्यान नाही. थोड्या वेळात दुखणं दूर सरकलं आणि मला तुमचा इतका राग आला की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, कुणाशी बोलताय?

आईला तुम्ही कधी आकडा विचारला नाहीत.

तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता. मी मराठी घेतलं म्हणून वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोललात, तरी तुमचा तो एक तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला आहे. फळ्यावर पाच गोल, एकमेकांना जोडलेले. "ही पाच अमिनो आम्लांची माळ. एन्केफॅलिन. अफू चेतापेशीवर ज्या जागेवर जाऊन बसते, त्याच जागेवर ही बसते आणि दुखल्याचा निरोप मधेच अडवते. एंडॉर्फिन हे तिचं मोठं भावंड. म्हणजे अफूचं शेत आपल्या डोक्यातच आहे." मागून कुणीतरी विचारलं, "सर, मग लायसन लागतं का?" वर्ग हसला, तुम्हीही हसलात. प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही कधी लगेच देत नव्हता. आधी मुलांनी धडपडायचं, मग तुम्ही सांगणार. आयतं मिळालं की डोकं चालायचं थांबतं, हे तुमचं म्हणणं. त्यासाठी तुमचे विद्यार्थी तुम्हाला अजून मानतात.

घरी तुम्ही आईच्या कण्यालाही विद्यार्थी समजलात.

त्याच वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला होता. पैठणच्या धरणात गाळ दिसायला लागला होता. बायपासच्या पलीकडे शेतांचे प्लॉट पडत होते, त्यातल्या एकावर आपण घर बांधलं होतं. गल्ल्या वाढत होत्या, नळ आलेला नव्हता. टँकर येतो, ड्रमांची रांग लागते. आई एका हातानं कंबर धरून हंडे नेते आहे. शेजारच्या भाभी तुम्हाला हटकतात.

"सर, उनकू बिठाओ ना जरा. कमर पकडके चलरे उनो."

"चालू द्या, भाभी. अंग हललं की आतून औषध तयार होतं."

"तो तुमीच उठाओ ना हंडा. तुमकू भी तयार होता!"

सगळी गल्ली हसली. आईसुद्धा. तुम्ही एक हंडा नेऊन ठेवलात आणि पुन्हा पुस्तकाकडे गेलात. दोन महिन्यांनी कळलं की छातीतली गाठ तिनं लपवली होती आणि रोग मणक्यात उतरला होता.

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासूनच काढलेल्या औषधाच्या, गोळ्या लिहून दिल्या. दर चार तासांनी एक, दुखो न दुखो, घड्याळ बघून. तुम्ही मान डोलावलीत. घरी येऊन पाकीट कपाटात तुमच्या टिपणांच्या वहीवर ठेवलंत आणि म्हणालात, "बाहेरून दिली की शरीर आपली करणं सोडून देतं. आधी त्याला प्रयत्न करू दे." आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. "लई ठणकतंय हो," ती म्हणते. तुम्ही तिच्याजवळ बसता, तिचा हात हातात घेता. "अजून थोडं. लांब श्वास घे." चाराचे सहा तास होतात, सहाचे नऊ. तुम्ही निर्दय नव्हता. हात धरून बसत होता, त्याचीच मला जास्त चीड येते.

तुम्ही गेल्यावर मी ती वही वाचली. त्याच धड्यात, तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे की हे पदार्थ सुटतात आणि शरीरातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, एन्केफॅलिनचे काही मिनिटांत तुकडे करून टाकतात. समासात तुमची टीप: जखमी हरणाला पळून जाण्यापुरतं. काही मिनिटं, बाबा. आई कुठं पळून जाणार होती? हे तुम्ही शिकवत होता, परीक्षेत विचारत होता, चुकलं तर गुण कापत होता. तुम्हाला माहीत नसतं तर मी आज गप्प बसले असते.

आत्या सांगते, तुमच्या लहानपणी सोयगावाकडं बायका कामावर जाताना लेकराला अफू चाटवून निजवायच्या. तुमचा धाकटा भाऊ एकदा तसा निजला तो उठलाच नाही. हेच कारण असेल. मी पुष्कळ दिवस ते कारण मानायचा प्रयत्न केला. पण डॉक्टरांना तुम्ही ते सांगितलं नाहीत. "मला भीती वाटते" एवढं म्हणाला असता तर त्यांनी समजावलं असतं. तुम्ही आमच्यापुढं भीतीचं शास्त्र करून मांडलंत, आणि त्या घरात तुमच्या शास्त्राला कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

मीही नाही. एका दुपारी टँकर आला आणि तुम्ही हंडे घेऊन बाहेर गेलात. आई म्हणाली, "एक गोळी दे गं. त्यांना नको सांगू." कपाटाला कुलूप नव्हतं. मी पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेतली, पेल्यात पाणीही ओतलं. मग म्हणाले, "बाबांना येऊ दे."

"व्हय, येऊ दे," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

तुम्ही आलात. मी घडलेलं सांगितलं, गोळी परत दिली. तुम्ही ओल्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारलीत. "शाबास. तुला कळतंय."

वर्षभरात तुम्ही मला पहिल्यांदा शाबास म्हणाला होता. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुम्ही असता तर तुम्हालाही दिलं नसतं. आई आत कण्हत होती, आणि मला फार बरं वाटलं होतं.