झोपायची नोकरी

ती. आईस,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं.

ताई म्हणाली, ड्रायव्हर नसलेल्या बसमध्ये मी करते तरी काय, असं तू विचारत होतीस. हसू नकोस, मी झोपते! बस आपली आपण चालते, म्हणून लोक दांडा घट्ट धरून बसतात. मग कंपनीने मलाच प्रवासी म्हणून खिडकीशी बसवलंय. मी डोळे मिटून मान टाकली की बाकीचे जरा सैलावतात. बसल्या जागी पगार, आणखी काय हवं?

फक्त झोप लागत नाही, एवढंच. प्रत्येक वळणाला मी ओढणीखाली सीटची कड घट्ट धरते. काल शेजारी एक आजी बसल्या. "ही पोर झोपलीय, म्हणजे भ्यायचं कारण नाही," म्हणाल्या आणि माझ्याच खांद्यावर घोरू लागल्या. तेवढ्यात बसने करकचून ब्रेक मारला. कुत्रं आडवं आलं होतं, झालं काही नाही. आजींनी दचकून आधी माझ्याकडे पाहिलं, ते मला पापण्यांच्या फटीतून दिसलं. मी हलले नाही. त्या पुन्हा घोरू लागल्या.

बाबा अजून गाडी काढतात का? डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत किल्ली तुझ्याकडे ठेव.

आई, आम्ही लहान असताना बाबा घाटात गाडी हाणायचे आणि तू पुढे डोळे मिटून बसायचीस. तू झोपलीस म्हणून आम्ही दोघी मागे निर्धास्त झोपायचो. खरं सांग, एकदा तरी तुला झोप लागली होती का?

तुझी,
धाकटी