गुरम्माच्या शेजारची जागा

नांदेड, ५ जून १९९५

चि. मंजुश्रीस नीलाक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भूकंपानंतर बसलिंगप्पांनी धान्याचं गोदाम रिकामं करून क्लासवाल्यांना भाड्यानं दिलं, वर मुलींचं होस्टेल काढलं, तुला पाटल्या केल्या. वाचून जीव जळाला, खोटं कशाला बोलू? हे स्थळ आधी मलाच आलं होतं. बिजवर, पन्नाशीचा, त्यात दमेकरी, म्हणून मी नाक मुरडलं.

तू मात्र त्या मॅटिनीतल्या नायिकेचा कित्ता गिरवलास. तिनं पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न लावलं आणि मध्यंतराला तो जिन्यावरून खाली! किती हसलो होतो आपण. दोन वर्षं काढते आणि विष्णुपुरीला बंगला बांधते, म्हणाली होतीस. दोन वर्षं झाली. आमचे मास्तर अजून सायकलवरच शाळेत जातात. तिकडे दमा काय म्हणतो?

तुझ्यावर लोभ करणारी, जरा जळकी,
नीलाक्का

लातूर, १७ जून १९९५

ती. नीलाक्कास मंजूचे शरणु शरणार्थ.

दमा आटोक्यात आहे. रोज मीच काढा करून देते. भूकंपात मागची भिंत पडली, तेव्हा यांनी आधी मला बाहेर ढकललं आणि तिजोरीची किल्ली आतच राहिली. त्यावरून मी भांडलेसुद्धा!

आता माझी जळजळ ऐक. मागच्या आठवड्यात उदगीरच्या शेतात गेलो. तिथं यांच्या पहिल्या बायकोची, गुरम्माची, समाधी आहे. शेजारी चार हात जागा दगड लावून राखलेली. कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, माझी हाय. मग माझी कुठं, तर म्हणाले, तू तरणी हाईस, तुला कशाला पायजे? अक्का, मेलेल्या बाईचा एवढा मत्सर मला वाटेल असं वाटलं नव्हतं. चार दिवस बोलले नाही. शेवटी बजावलं, दुसऱ्या बाजूला माझी जागा आखा, आणि माझ्याआधी जायची घाई केलीत तर याद राखा. काल यांनी माणूस पाठवून दगड लावून घेतले.

बंगल्याचं राहू दे. माया पातळ करू नकोस.
तुझी मंजू

नांदेड, २ जुलै १९९५

चि. मंजूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग मास्तरांना सहज विचारलं, मेल्यावर माझ्या शेजारी जागा धराल का? वह्या तपासता तपासता म्हणाले, कुठंबी चालंल, आधी चहा टाक. चहा काही मी टाकला नाही.

आजवर तुझ्या पाटल्यांवर जळत होते, आता त्या चार हात जमिनीवर जळते. बसलिंगप्पांच्या दम्याचं पुन्हा विचारणार नाही. काढ्याची कृती तेवढी लिहून धाड. पावसात भिजल्यापासून यांना खोकला आहे.

तुझीच,
नीलाक्का